दगडाखालचे दात

सकाळचं दूध काढून झालं, तसा दुरसुननं धातू हुडकायच्या यंत्राचा दांडा खांद्यावर टाकला, पहार, कुदळ आणि पाण्याची मातीची सुरई धाकट्या भावाच्या, यशारच्या, हाती दिली आणि दोघं वरच्या खडकाळीकडं जायला निघाले. तोरोस डोंगरातल्या त्या गावात हे काही नवं नव्हतं. शेतीला माती नाही, दगड मात्र मुबलक. मग कुणी शेळ्या राखतो, तर कुणी दगडांच्या सांदीतून जुनी रोमन नाणी हुडकतो. कायद्यानं मनाई आहे, म्हणून कुणी विचारलंच तर सांगायचं, शेळीची घंटा हरवलीय.

दारात म्हाताऱ्या आईनं वाट अडवली. तिच्या हातात तव्यावरची ताजी रोटी होती.

"हात ठेव हिच्यावर," ती दुरसुनला म्हणाली.

दुरसुननं मुकाट्यानं ठेवला. या दोघांच्या आधीची तिची पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिनं थोरल्याचं नाव ठेवलं दुरसुन, म्हणजे राहो, आणि धाकट्याचं यशार, म्हणजे जगतो. तिचा जीव त्या नावांना धरून होता.

"रात्रीच्या जेवणाला याला घरी आणीन," दुरसुन म्हणाला. रोटीवरची शपथ. मोडली तर पुढं घास घशाखाली उतरत नाही म्हणतात.

"आई, चाळिशीला आलो मी. अजून पाळण्यातच घालतेस?" यशार हसला. त्याच्या पुढच्या दातावर पोलादी टोपण होतं, ते उन्हात चमकलं.

"तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून तर भीती वाटते, बाबा."

वाटेत हाजेर काकू भेटली. ती सपाट दगडांवर शेळ्यांसाठी मीठ ठेवत होती. यंत्र बघून म्हणाली, "काय रे, आजोबाचे दात हरवले का?"

"घंटा हरवलीय, काकू."

"तुझ्या डोक्यातली असेल. हे बघ, हसण्यावारी नेऊ नको. त्या काळ्या कड्याखाली मी किती वेळा मीठ ठेवलं, शेळ्या जीभ लावत नाहीत. तिकडं नका जाऊ."

शेळ्या जिथं जात नाहीत, तिथं माणसंही गेलेली नसतात, असं यशारचं गणित. तो तडक काळ्या कड्याकडंच वळला. उतारावर पाय घसरला आणि सुरई दगडावर आपटून फुटली. पाणी खडकानं बघता बघता पिऊन टाकलं.

"मागं फिरू," दुरसुन म्हणाला.

"अबी, सुरई फुटली, नशीब फुटलं नाही. एवढा दगड बघू न् जाऊ."

दुरसुन मऊ स्वभावाचा. अबी, म्हणजे दादा, म्हटलं की धाकट्यापुढं त्याचं कधी चालायचं नाही.

भर दुपार झाली होती. त्या कड्याखाली किडा वाजत नव्हता, की पाखरू बोलत नव्हतं. वासही वेगळाच होता, बंद पेटीत पडून राहिलेल्या लोखंडासारखा. दुरसुन यंत्राचं ताट जमिनीवरून हळूहळू फिरवत होता. एका आडव्या शिळेवर ते गायला लागलं. चांदीवर गातं तसं, बारीक आणि गोड.

दोघांनी पहार घालून शिळा उलटवली. खाली माणूस होता. म्हणजे हाडं होती. पालथा पडलेला, दोन्ही हात पाठीमागं एकावर एक. मानेचे मणके मधोमध तुटलेले, कापही सरळ नव्हता, दोन-तीन घावांत तोडलेली मान. दुरसुननं कवटी दोन्ही हातांनी अलगद फिरवली. पुढच्या एका दाताला तिरकी खाच होती. दातांच्या आत नाणं दिसत होतं.

"मारणाऱ्यांनी नाही ठेवलं हे," दुरसुन हलक्या आवाजात म्हणाला. "मागनं कुणीतरी आलं असेल. पुरायला वेळ नसेल. निदान मेल्यावर पलीकडं जायचं भाडं तरी तोंडात ठेवून गेलं... राहू दे, यशार."

"एवढ्या वर्षांत पोचला नाही, तो आता काय पोचतोय?" यशारनं जबडा फाकवून नाणं काढून घेतलं. वर माती घट्ट बसली होती.

आता या धंद्यात एक रीत आहे. दुरसुनच्या उस्तादानं त्याला पहिल्या दिवशीच सांगितली होती. जमिनीतलं नाणं पाण्यानं धुवायचं, तोंडात घालायचं नाही. आणि तरी निम्मे लोक घालतात. थुंकीनं माती सुटते, अन् जिभेवर चांदी आहे की तांबं, ते कळतं. पाणी तर सांडून गेलं होतं.

"यशार, नको..."

यशारनं नाणं जिभेखाली सरकवलं होतं. गालात घोळवलं. मग त्याचे ओठ मिटले, ते मिटलेच.

"थुंक ते. थुंक म्हणतो ना..."

यशार त्याच्याकडं बघत होता. डोळे त्याचेच होते, पण त्यात ओळख नव्हती. त्यानं वाकून कुदळ उचलली. दुसऱ्या हातानं दुरसुनचे केस धरले आणि त्याला असा खाली दाबला की गुडघ्याची वाटी खडकावर कडाडली. दुरसुनचे हात त्यानं मागं ओढले, एकावर एक ठेवले आणि त्यावर स्वतःचा पाय दिला. मिटल्या तोंडातून तो काहीतरी पुटपुटत होता. ती बोली या डोंगरात आता कुणी बोलत नाही.

दुरसुनला त्या क्षणी सगळं कळलं. त्या मेलेल्याला दुसरं काही येतच नव्हतं. त्याच्यावर जे झालं, तेवढंच त्याला ठाऊक होतं.

"यशार... बाळा... आई वाट बघतेय..."

कुदळ खाली आली. दुरसुननं मान फिरवली म्हणून मान वाचली, पण कान गेला. गरम रक्त डोळ्यांत उतरलं. कुदळीचं टोक दगडांच्या फटीत रुतलं आणि ती उपसताना यशारचा पाय ढिला पडला. दुरसुननं हात सोडवून घेतला. हाताला लागला तो धोंडा उचलला आणि ज्याला त्यानं खांद्यावर खेळवलं होतं, त्याच्या तोंडावर घातला. तोंड उघडलं नाही. पुन्हा घातला. जबडा मोडल्याचा आवाज कड्यावर आपटून परत आला. तिसऱ्या घावाला यशार त्या खड्ड्यावरच कोसळला आणि तोंडातून रक्त, दात आणि नाणं एकदमच बाहेर पडलं.

दुरसुन रडत होता. रडत रडतच त्यानं नाणं चाचपून शोधलं, कवटीच्या तोंडात परत कोंबलं, यशारला बाजूला ओढलं आणि शिळा लोटून दिली. दात कुठं पडले ते बघायला सवड नव्हती.

सूर्य मावळायच्या आत त्यानं भावाला पाठीवर घालून घरी आणलं. रोटीवरची शपथ पाळली.

यशार वाचला. किती दिवस तो दह्याच्या पातळ सारावर होता. कड्यावरून घसरून दोघं पडलो, असं दुरसुननं सांगितलं आणि आईनं ते मानून घेतलं. पुढं जबडा सांधला. मग एका सकाळी आई हरखून ओरडली, "दुरसुन, बघ रे! देवानं याला लहान पोरासारखे नवे दात दिले!"

दुरसुननं वाकून पाहिलं. दात नवे नव्हते. पिवळे, झिजलेले, जुन्या माणसाचे दात होते. पुढच्या दाताला तिरकी खाच होती.

 त्यानं यंत्र आणि पहार उचलली आणि तो एकटाच काळ्या कड्याकडं गेला. वाटेत बघतो तर हाजेर काकूच्या शेळ्या कड्याखालचं मीठ खुशाल चाटत होत्या.

शिळेवर यंत्र गायलं, पण गोड नाही, लोखंडावर खरखरतं तसं. त्यानं शिळा उलटवली. नाणं तोंडात नव्हतं. कवटीच्या पुढच्या दातांत पोलादी टोपण चमकत होतं. नुसतं पडलेलं नव्हतं, हाडात मूळ धरून बसलं होतं. दुरसुननं दोन बोटांत तो दात धरला आणि सगळं बळ लावून ओढला.

खाली गावातून किंकाळी आली. यशारची.

त्यानं हात सोडला. किंकाळी थांबली.  मग लेकराला पांघरूण घालावं तशी त्यानं शिळा परत ठेवली आणि उतरला.

घरी ताट मांडलेलं होतं. आई म्हणाली, "मघाशी दाढ ठणकली वाटतं बिचाऱ्याची. आता बरा आहे. जेवून घे."

दुरसुननं रोटीचा घास तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना.

समोर बसलेल्या यशारनं जिभेखालचं काहीतरी एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. आईचं लक्ष नाही असं बघून तो पुढं वाकला आणि हळूच हसला.

"अबी," तो म्हणाला, "पुढच्या वेळी जरा हळू ओढ."