भिंतीपलीकडचा बत्ता

मुलीचं कूळ, शील आणि पुढची चाळीस वर्षं खलबत्त्याच्या आवाजात स्वच्छ ऐकू येतात. बाकी पदव्या, फोटो आणि नातेवाइकांच्या शिफारशी हा सगळा पोरखेळ आहे, असं बिबिक पो नियो यांचं ठाम मत होतं. मलाक्कातल्या जुन्या घरांमध्ये थोरल्या बायकांना बिबिक म्हणतात, आणि तिथे या मताला मोठा मान होता. बिबिक मुलीच्या घरी जायच्या, पुढच्या दिवाणखान्यात बसायच्या, डोळे मिटायच्या आणि मागच्या स्वयंपाकघरात मुलगी मिरच्या कुटत असे ते ऐकायच्या. मुलीचं तोंड बघायची त्यांना गरजच पडत नसे. या पद्धतीने त्यांनी आजवर अकरा लग्नं जुळवली होती. त्यांतली तीन टिकली. त्या तीनपैकी एकातला नवरा जहाजावर असतो.

आता बारावं लग्न जुळवायचं होतं आणि ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं. मुलगा सेरेम्बानला दातांचा डॉक्टर होता. आणि बिबिकचा डोळा, किंवा खरं तर कान, लियानवर होता.

लियानला कुटता येत नव्हतं.

सत्तावीस वर्षांची ही मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची आणि ते काम चोख करायची. पण तिनं बत्ता उचलला की अर्धी मिरची खलात राहायची आणि अर्धी छताला लागायची. तिच्या आईला, म्हणजे माकला, हे ठाऊक नव्हतं. माक पुढच्या खोलीत मण्यांच्या सपाता भरत बसायची. घर अरुंद आणि लांबलचक, त्यात माकचे गुडघे दुखरे, त्यामुळे ती स्वयंपाकघरापर्यंत येत नसे. कान मात्र यायचे.

“रोज पाचला मिरच्यांचा सांबाल कुटायचा,” माकनं फर्मान काढलं होतं. “मला इथे ऐकू आलं पाहिजे.”

म्हणून महिन्याभरापूर्वी एका संध्याकाळी लियान मागच्या अंगणात उकिडवी बसली होती. डाव्या हाताने ती जाड टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर दाबून धरत होती आणि उजव्या हाताने रिकाम्या खलात बत्ता आपटत होती. पाऊस नुकताच पडून गेला होता. फरशी निसरडी, हात निसरडे... मिक्सरचं झाकण उडालं. लाल मिरच्यांचा एक मोठा लपका सुंदर कमान करून शेजारच्या अंगणात गेला.

“ओय!”

भिंतीवर एक डोकं उगवलं. एक डोळा घट्ट मिटलेला, आणि कपाळाला मिरचीचं बी चिकटलेलं.

“हे तुझं?”

“हो... सॉरी. डोळ्यात गेलं का?”

“एकाच. दुसऱ्याने बघतोय.” त्या दुसऱ्या डोळ्याने त्याने टॉवेलाकडे पाहिलं. “आत काय आहे? बाळ?”

“मिक्सर.”

“थंडी वाजते त्याला?”

“हळू बोल! माक ऐकेल.”

त्याने कपाळावरचं वाटण बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि मान हलवली. “बलाचान भाजलाच नाहीस.”

बलाचान म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी. ती भाजली नाही तर सांबालाला कच्चा वास येतो, हे लियानलाही माहीत होतं. पण ज्याचा डोळा आपल्यामुळे जळतोय त्याने आधी डोळा धुवावा की चवीतली चूक काढावी? याच क्षणापासून लियान त्याच्यावर वैतागली. पुढचा महिनाभर तिला दुसरं काही काम उरलं नाही.

त्याचं नाव बून. मेलबर्नच्या एका हॉटेलात तो ‘एशियन’ जेवण रांधायचा. तिथला मालक कढीत, नूडल्समध्ये, भातावर, दिसेल त्यात शेंगदाण्याचं लोणी घाल म्हणे. एके दिवशी बूनने अॅप्रन काढून मालकाच्या हातात दिला आणि थेट वारलेल्या मावशीच्या घरी राहायला आला. आता तो घरीच रांधायचा आणि अर्ध्या गल्लीला डबे द्यायचा. कुटायचा अर्थातच हाताने. रोज. पाचला.

“मी कुटतोच आहे,” डोळा धुऊन आल्यावर तो म्हणाला. “आणि ऐकणाऱ्याला मधली भिंत दिसत नाही.”

लियानने त्याच्याकडे पाहिलं. कल्पना चांगली होती. चांगली कल्पना आपल्याआधी दुसऱ्याला सुचली की जो संताप येतो तो तिला आला.

“आणि त्याबद्दल तुला काय हवं?”

“रोज दोन लिंबं.” त्याने तिच्या अंगणातल्या झाडाकडे बोट दाखवलं. बारीक हिरव्या लिंबांनी लगडलेली एक फांदी भिंतीच्या दिशेने वाकली होती. “कधीपासून माझ्याकडे बघताहेत. पण माझा हात पुरत नाही.”

“लिंबं कुणाकडे बघत नाहीत.”

“बरं,” तो नम्रपणे म्हणाला.

झालं. रोज पाचला भिंतीपलीकडे बत्ता पडू लागला. आधी कोरड्या मिरच्यांवर ठक्-ठक्, मग ओलसर थप्-थप्, आणि शेवटी सगळं एकजीव झाल्यावर जाड, भरलेला, समाधानी आवाज. पुढच्या खोलीत माकचे मणी त्या लयीत ओवले जाऊ लागले. इकडे लियान रिकाम्या खलाशेजारी हाताची घडी घालून उभी. सांबालाची वाटी भिंतीवरून यायची, लिंबं भिंतीवरून जायची.

सोपं वाटतं ना? पण बून मध्येच थांबायचा. वास घ्यायला!

“दमलीस का गं?” आतून माक विचारायची.

“नाही माक!” लियान ओरडायची, आणि मग दात-ओठ खात भिंतीकडे वळायची. “कूट ना!”

“घाई केली की मिरची रुसते.”

“मीही रुसते.”

“ते दिसतंय. नाक लाल होतं तुझं.”

एकदा तो कुटता कुटता गुणगुणायला लागला. माकने आतून विचारलं, “आवाज बसला का गं तुझा?” लियानला चार दिवस खोकावं लागलं आणि माकने दिलेला कडू काढा रोज दोनदा प्यावा लागला. बूनला हे सांगितलं तर तो हसत हसत भिंतीआड खाली बसला. नुसता हसण्याचा आवाज येत राहिला. इतका वेळ... की शेवटी तिलाही हसू आलं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

वाटी घेताना एकदा बोटं अडकली.

“बोट काढ,” ती म्हणाली.

“कुणाचं?”

बघितलं तर दोघांचीही तिथेच होती. काढायची कुणी हे ठरायला जरा वेळ लागला.

पुढे पुढे दुकानात पावणेपाच वाजले की लियानचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. एका सद्गृहस्थांना तिने चुकीच्या नंबरची काच दिली; ते दोन दिवस स्वतःच्या बायकोला मेहुणी समजून अदबीने वागले. लियानने याचा दोष सांबालाला दिला.

आणि मग माक म्हणाली, “रविवारी पाचला बिबिक पो नियो येताहेत. तुझ्या कुटण्याचं नाव झालंय गल्लीत!” माकचे डोळे भरून आले होते. “त्यांनी एकदा हो म्हटलं की मी शब्द देणार. सेरेम्बान काही लांब नाही.”

लियान तडक भिंतीशी गेली.

“रविवारी वाईट कूट.”

“म्हणजे कसं?”

“माझ्यासारखं.”

बूनने गंभीरपणे विचार केला. “तुझ्यासारखं जमायला उपजतच लागतं.”

“बून!”

“बरं, बघतो.” त्याने बत्ता घेतला आणि मुद्दाम वेडावाकडा चालवला. एक घाव लवकर, एक उशिरा, मध्येच दोन झटपट. ऐकता ऐकता त्याची नवीच ठेक्याची लय लागली. पुढून माकचा आनंदी आवाज आला, “अगं बाई, आज काय हात लागलाय!”

लियानने कपाळ भिंतीला टेकवलं.

“हात ऐकत नाही,” बून ओशाळून म्हणाला. मग जरा थांबून, “पण... नको का तुला? दातांचा डॉक्टर आहे. दाढा फुकटात.”

“मला दाढदुखी नाही.”

“मग काय दुखतं?”

लियानने त्याच्याकडे पाहिलं. तीन घरांपलीकडे बलाचान करपला तर या माणसाला वास येतो. आणि हातभर अंतरावर उभी असलेली बाई मात्र...

“डोकं,” ती म्हणाली आणि आत गेली.

रविवार आला. बिबिक पो नियो पावणेपाचला आल्या, अंगातला केबाया नीट करून खुर्चीत बसल्या आणि चहा नाकारला. कान भरल्या पोटी नीट चालत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पाच वाजले. त्यांनी डोळे मिटले. शेजारी माकने ओवायचा मणी हातातच धरला.

मागे स्वयंपाकघरात लियान उभी होती. कर वाईट, ती मनात म्हणत होती, एकदाच कर...

भिंतीपलीकडे बत्ता पडला.

महिन्याभरात बूनने इतकं सुरेख कधीच कुटलं नव्हतं. प्रत्येक घाव जड, मोजून-मापून टाकलेला. मिरच्या जणू आपणहून बत्त्याखाली येत होत्या.

“वाईट!” लियान भिंतीशी जाऊन कुजबुजली. “अरे वाईट कूट!”

ठक्, ठक्, ठक्.

म्हणजे याला मी गेलेली चालेल! मी सेरेम्बानला जाऊन जन्मभर लोकांचे दात मोजत बसलेली याला चालेल! तिनं हाताशी आलेलं लिंबू तोडलं आणि आवाजाच्या दिशेने भिरकावलं. त्याच सुमारास एक घाव चुकला. एकच. मग पुन्हा लय लागली, आधीपेक्षाही गडद.

आता मात्र झालं. लियानने चहाचा ट्रे उचलला आणि ती चालू लागली. स्वयंपाकघर, मधली खोली, देवघर आणि दिवाणखाना. तिने ट्रे बिबिकसमोर ठेवला.

मागे कुटणं चालूच होतं.

माकने मुलीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे. मग पुन्हा मुलीकडे. हातातला मणी खाली पडला आणि खुर्चीखाली घरंगळत गेला.

बिबिकने एक डोळा उघडला. “मुली, तू इथे. मग आत कोण?”

“शेजारचा बून. महिनाभर तोच कुटतोय.” लियान थांबली नाही. “मला कुटता येत नाही, बिबिक. मी मिक्सर लावते. टॉवेलात गुंडाळून. आणि मला सेरेम्बानला जायचं नाहीये.”

माकने कपाळाला हात लावला. “म्हणजे महिनाभर मी त्या मुलाला ‘दमलीस का गं’ विचारत होते?”

बिबिकने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्या अजून ऐकत होत्या.

“लग्न झालंय त्याचं?”

“नाही.”

“होणार. हा हात रिकामा नाही. आत्ता एक घाव चुकला, ऐकलात? इतकी वर्षं ऐकतेय मी. असा हात मिरचीमुळे चुकत नाही.” त्यांनी शांतपणे चहाचा कप उचलला. “माझा मुलगा गेला यातून. पण हे बारावं मी माझंच धरते हं. अकरा या आकड्यावर थांबायला मला बरं वाटत नव्हतं.”

लियानला सांगावंसं वाटलं की तो घाव लिंबू लागल्याने चुकला. पण म्हाताऱ्या माणसाचा व्यवसाय कशाला बुडवा? ती मागे धावली.

अंगणात पागोळ्या टपकत होत्या. बून भिंतीला कोपर टेकून उभा होता. कपाळावर लिंबाएवढा लाल गोल.

“मूर्खा!” ती म्हणाली. “एकदा, आयुष्यात एकदाच तुला वाईट कुटायला सांगितलं!”

“घेतलं होतं वाईट कुटायला.” तो बत्त्याकडे बघत होता. “पहिला घाव वाकडा टाकणार, तेवढ्यात वाटलं... ती बाई तिकडे बसून म्हणणार, लियान वाईट कुटते. सगळ्या गल्लीला सांगणार. तुझं नाव होतं ना त्यावर. नाही जमलं मला.”

लियानने भिंतीवर हात ठेवला.

“अरे, तेच तर हवं होतं मला,” ती हळूच म्हणाली.

“आत्ता कळलं.”

“आत्ता?”

“सेरेम्बान डोळ्यांपुढे आलं तेव्हा. म्हणून तर एक घाव चुकला.”

“तो लिंबू लागलं म्हणून चुकला.”

“नाही,” बून म्हणाला. “घाव आधी चुकला. लिंबू नंतर लागलं.”

पागोळ्या जरा थांबल्यासारख्या वाटल्या.

“मला तू हवी आहेस, लियान,” तो म्हणाला. “कुटता नाही आलं तरी. मिक्सरसकट. टॉवेलसकट.”

“...आणि माक?”

“त्यांना रोज संध्याकाळी मीच ‘नाही माक’ म्हणेन.”

ती हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम होतंय म्हणून वैतागली. भिंतीवर तिचा हात होता, त्याशेजारी त्याचा. या वेळी बोट कुणाचं हे कुणी विचारलं नाही.

“लियान,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

“हं?”

“सांबाल अडून बसलाय. दोन लिंबं दे ना... या वेळी हातात.”