बारापैकी दहाच नियम

"फसवाफसवी! ढळढळीत फसवाफसवी!" वकीलकाका खुर्चीवरून ताडकन उठले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीतली सगळी पोरं वळून बघू लागली. पटापलीकडे दोन उशांवर बसलेली सहा वर्षांची बुटकी डोळे मिचकावत त्यांच्याकडे बघत होती. तिच्या मुठीत काकांचं प्यादं होतं.

खडू धावत आली. ही बारा वर्षांची. सुट्टी लागल्यापासून ती, तिचा मावसभाऊ चष्म्या आणि त्यांचा दोस्त ढोल्या, असे तिघं इथे नऊ चिल्ल्यापिल्ल्यांना बुद्धिबळ शिकवत होते. फरशीवर खडूने पट आखायचा आणि पोरांनाच घोडे-उंट करून त्यावर नाचवायचं, ही तिची पद्धत. नाव पडलं ते त्यावरूनच! पण बुद्धिबळ मंडळातल्या मोठ्यांना ही खोली परत हवी होती. सचिवकाकांनी अट घातली होती, "एका तरी पिल्लाने वकिलांशी पूर्ण डाव खेळून दाखवावा. नियमाची एक चूक झाली, की उद्यापासून वर्ग बंद!"

"काय केलंस गं?" खडूने विचारलं.

"यांचं प्यादं दोन घरं उडी मारून माझ्या प्याद्याच्या शेजारी आलं," बुटकी म्हणाली. "मग ते एकच घर आलंय असं समजून मी तिरकं जाऊन खाल्लं. लग्गेच!"

"मग बरोबरच आहे! लगेच पुढच्या चालीत मारलं तर चालतं."

"अगं, ज्या घरात सोंगटी आहे त्याच घरात जाऊन मारतात!" वकीलकाका कडाडले. "तीस वर्षं खेळतोय मी!"

"तीस वर्षं चुकीचंही खेळता येतं, काका!" खडू म्हणाली.

ढोल्याने जीभ चावली. चष्म्याने घाईघाईने मोबाईल पुढे केला. "हे बघा ना, इथे दिलंय..."

"मोबाईलवर गाढवालासुद्धा शिंगं असतात!" सचिवकाका म्हणाले. "या मंडळात भिंतीवरचे नियम चालतात. मी स्वतः रंगवून घेतलेत ते. आम्ही जेवून तीनला येतो. तोवर पसारा आवरा."

मोठी माणसं गेली. बुटकीने दोन्ही हातांनी पटाभोवती कुंपण घातलं. "मी नाही उठणार. माझा डाव चालू आहे!"

खडूने भिंतीकडे रागाने पाहिलं. 'बुद्धिबळाचे बारा नियम', असा ठसठशीत मथळा. खाली उभ्या रकान्यांत ओळीने नियम.

"थांब," ती पुटपुटली. "मथळ्यात बारा. मोजले तर दहाच!"

"रंग संपला असेल," ढोल्या म्हणाला.

"किनार बघा," चष्म्या भिंतीला नाक लावत म्हणाला. "वर आहे, डावीकडे आहे. उजवीकडे कुठेय?" त्याने वितीने मोजायला सुरुवात केली. "मथळ्याच्या मध्यापासून डावी किनार सहा वितींवर. म्हणजे उजवीही सहा वितींवर हवी. पण चार वितींवर तर हे कपाट लागतं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कपाट जुन्या वर्तमानपत्रांनी गच्च भरलेलं होतं. त्यांनी भराभर गठ्ठे उतरवले. ढोल्याने साबण आणून कपाटाच्या पायांपुढची फरशी गुळगुळीत केली.

"कोण कपाट हलवतंय?" दारात ग्रंथपालबाई उभ्या होत्या.

"आम्ही!" खडू म्हणाली.

"कुणाला विचारलंत?"

"कुणालाच नाही. आणि अडवलंत तरी हलवणार!"

बाईंनी पटावर वाकून बसलेल्या बुटकीकडे पाहिलं. "मी पुढच्या खोलीत आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी मला जरा कमीच ऐकू येतं."

"एक, दोन, हेऽऽऽ!" कपाट किंचाळत सरकलं. कोळिष्टकं झटकून खडूने मोठ्याने वाचलं, "अकरा. हात लावलेली सोंगटी चालावीच लागेल. बारा. प्यादे एकदम दोन घरे चालून शत्रूच्या प्याद्याशेजारी आल्यास, ते एकच घर चालले असे समजून शत्रूचे प्यादे पुढच्याच चालीत त्याला मारू शकेल."

खाली झोकदार सही होती. सचिवकाकांचीच!

तीन वाजता दोन्ही काका आले ते मंडळातल्या सर्वांत जुन्या सभासदांना घेऊन. हे घड्याळजी आजोबा. सगळ्यांनी भिंत वाचली.

"कपाट कुणी ठेवलं इथे?" सचिवकाकांनी दरडावलं.

"तूच की रे! गठ्ठे मावेनात म्हणून," आजोबा म्हणाले. "आणि ठेवताना मागे काय झाकलं जातंय तेही पाहिलं नाहीस."

"ठीक आहे, बारावा नियम मान्य," वकीलकाका घाईघाईने खाली बसले. त्यांनी वजीर उचलला, पटाकडे पाहिलं, परत ठेवला आणि घोड्याकडे हात नेला.

"अकरावा!" बुटकी ओरडली.

"काय अकरावा?"

"वजिराला हात लावलात. आता वजीरच!"

वजिराला जायला तीनच घरं होती आणि तिन्हींवर बुटकीचं कुणी ना कुणी टपलेलं होतं. वकीलकाकांनी सचिवकाकांकडे पाहिलं. सचिवकाका छताकडे बघत होते. खडूने ओठ घट्ट मिटले. एक शब्द सुचवला, तर डाव बाद!

वजीर सरकला. बुटकीच्या घोड्याने तो गट्ट केला! त्यानंतर तिने एकेक चाल बोट ओठांवर ठेवून, विचार करकरून खेळली आणि शेवटी म्हणाली, "शह. आणि मातसुद्धा!"

वकीलकाकांनी हार मानून आपला राजा आडवा केला. खोलीत एकच जल्लोष झाला!

"वर्ग... हं... चालू ठेवायला हरकत नाही," सचिवकाका खाकरले.

"आणि मोठ्यांचाही एक वर्ग हवा!" खडू म्हणाली. "त्यांचे दोन नियम राहिलेत!"

घड्याळजी आजोबा खो खो हसले. "माझं नाव पहिलं लिही! माझी चूक दाखवायला लोक माझ्या वयाला बिचकतात. तू नाही बिचकलीस. शाब्बास, पोरी! आणि तुम्ही दोघंही, शाब्बास!"

वकीलकाका अजून पटाकडेच बघत होते. बुटकी उशांवरून उतरून त्यांच्याजवळ गेली.

"रडायचं नाही हं, काका. मी तर पहिल्या दिवशी सात वेळा हरले होते."

"मग? काय केलंस?"

"काही नाही. परत सोंगट्या मांडल्या."

वकीलकाकांनी बाही सावरली आणि आपला राजा उभा केला.