आरशातला कॅमेरा

तो मोबाईल उपडा ठेव रे, उजेड डोळ्यांत जातोय. हां. भुताबितांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे साडेआठ.

मित्र जुन्या सिनेमांची रिळं साफ करून देतो. त्याच्याकडे एक हेडक्लार्क आला, काखेत रिळाचा डबा. म्हणाला, "माझे वडील कॅमेरामन होते. जिन्याच्या शॉटला नटी वरून पडली, जागीच गेली. लोक म्हणतात, शॉट वाया जाऊ नये म्हणून यानं तिला सावरलं नाही, नुसता बघत बसला. त्याच धसक्यानं ते गेले. मी तेव्हा आईच्या पोटात. आई अजून बोलणी खातेय हो. खरं काय ते एकदा कळू दे."

मित्राला वाटलं, इथं पाणी मुरतंय. बापाचं नाव धुवायला यानं रीळ जुळवून तर आणलं नसेल? आधी त्यानं रिळात कुठे कापून चिकटवल्याचे जोड आहेत का ते तपासलं. एकही सापडला नाही.

मग दिवा मालवून रीळ पडद्यावर लावलं. जिन्यावर भला मोठा आरसा. जुन्या सिनेमात आरसा आला की समजायचं, कुणाचं तरी बिंग फुटणार! हेडक्लार्क सांगत होता, त्या आरशात भलतं कुणी दिसू नये म्हणून सेटवर फक्त नटी आणि कॅमेरामन. बाकी सगळे बाहेर, दाराला आतून कडी.

मित्र हातानं रिळाची एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, सरकवू लागला. बाई वर... पाय घसरला... आणि आरशात एक माणूस. हात पसरून धावणारा.

"बाबा!" हेडक्लार्क ओक्साबोक्शी रडायला लागला. "धावले होते! माझे बाबा धावले होते!"

मित्राचा हात मात्र थांबला. बाई खाली येत होती, तसा कॅमेराही तिच्याबरोबर खाली वळत होता. संथ. जराही न थरथरता.

"साहेब, वडील तिकडे धावले... मग हा कॅमेरा कोण फिरवतोय?"



पुढची चौकट. कॅमेरा वळला, तसा आरशात तो कॅमेराच दिसला. त्याच्यामागे कुणीतरी वाकलेलं. तोंड कॅमेऱ्याआड.

पुढची...

कोरी.

मित्रानं दिवा लावला. हेडक्लार्क उजवा डोळा चोळत होता. या माणसानं जन्मात कॅमेरा धरला नव्हता, आईनं तो घरात येऊच दिला नव्हता. त्यानं हात खाली घेतला, तर डोळ्याभोवती गोल, खोल वळ. दिवसभर कॅमेऱ्याला डोळा दाबून काम करणाऱ्याला उमटतो, तसा.

तो वळ तासाभरात जातो म्हणे. मी परवाच त्या हेडक्लार्कच्या ऑफिसात जाऊन आलो...

अजून आहे.