फिटलेलं दळण

चैत्र लागला की नळदुर्गच्या त्या गल्लीत शिंकांचा हंगाम सुरू व्हायचा. मथुराबाईंच्या कांडप यंत्रात मिरची पडली की ठसका पार हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांपर्यंत जायचा. बायका डबे घेऊन ओट्यावर बसायच्या, नाकाला पदर लावून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, आणि येसूर मसाला कुटून होईपर्यंत एखादं भांडण मिटवूनही टाकायच्या.

यंदा ओटा रिकामा होता.

नवरा गेल्यावर मथुराबाईंनी ते यंत्र कर्जावर घेतलं होतं. नात वैष्णवीचं नर्सिंगचं शिक्षण त्याच्यावरच चाललेलं. हप्ता न्यायला कर्ज देणाऱ्या कंपनीचा उत्तरेश्वर यायचा. चहा घ्यायचा, पावती द्यायचा, आणि जाताना मसाल्याची चिमूट जिभेवर ठेवून म्हणायचा, "काकू, यंदा लवंग कमी पडली बघा." दिवाळीच्या तोंडावर शेवटचा हप्ता दिला, तेव्हा मथुराबाई त्याला परसात घेऊन गेल्या. तिथं कडुलिंबाखाली सासूबाईंचं जातं होतं.

"खुंट्याला हात लाव."

"हे काय नवीन, काकू?"

"नवीन न्हाय बाबा. लई जुनं हाय."

त्या घराची रीतच होती. उसनं फिटलं की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकाच खुंट्याला हात लावून मूठभर दाणे दळायचे आणि "फिटलं" म्हणायचं. मथुराबाई बहात्तरच्या दुष्काळात नवरी होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली. त्या साली रेशनवर तांबडी मिलो मिळायची. परदेशातून आलेली, उग्र वासाची ज्वारी. भाकरी थापताना चिरायची आणि घशातून खरवडत उतरायची. सासूबाईंनी, म्हणजे सीताबाईंनी, शेजारणीची उसनी मिलो फेडली आणि दोघींनी मिळून खुंटा धरला.

"फिटलेलं पुन्हा मागू न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "मागितलं तर दळावं लागतं."

"कुणाला?" नव्या सुनेनं विचारलं.

सासूबाईंनी कुंच्यानं पीठ गोळा केलं.

उत्तरेश्वरनं हसत हसत ज्वारी दळली. जात्याला टाकी लावणारे, छिन्नीनं दगडात खाचा पाडून देणारे, गावात यायचे बंद होऊन जमाना लोटला होता. आतले दगड काचेसारखे गुळगुळीत झालेले, त्यामुळं दाणे नुसते भरडून निघाले. तरी तो "फिटलं, काकू" म्हणाला. पुढं महिन्याभरात नोकरी सोडून पुण्याला गेला.

संक्रांतीनंतर फोन सुरू झाले. थकबाकी आहे म्हणे. वैष्णवीनं पावत्या नेऊन शाखेत दाखवल्या. "वरून चौकशी होईल," एवढंच उत्तर मिळालं. मग रणधीर नावाचा वसुलीचा माणूस दारात उभा राहिला. चहाला नाही म्हणाला, चपला घालूनच ओट्यावर चढला आणि भर गल्लीत ओरडला, "म्हातारे, लोकाचे पैसे गिळून मसाले कुटती व्हय गं?" आलेल्या बायकांना त्यानं फोन नंबर विचारले. दुसऱ्या दिवसापासून एकेक डबा दुसऱ्या गिरणीकडं वळला.

त्याच सकाळी परस झाडताना मथुराबाईंना जात्याभोवती तांबूस पिठाचं कडं दिसलं. मिरची उडाली असेल म्हणून त्यांनी झाडून टाकलं.

रणधीर पुन्हा येऊन गेला, तेव्हा कडं जास्त रुंद होतं. मथुराबाईंनी चिमूटभर उचलून नाकाशी नेलं. मिरची असती तर शिंक आली असती. आला तो एक जुना, उग्र वास. वखारीतल्या ओल्या पोत्यांचा. त्या तिथंच खाली बसल्या. तो वास त्यांनी उभ्या आयुष्यात एकाच साली घेतला होता.

"आजी, यंत्र चालूच ठेवलंस का?" आतून वैष्णवीनं विचारलं. "घरघर येतीय."

"लाइट कुठं हाय पोरी?" मथुराबाई म्हणाल्या.

घरघर थोडा वेळ चालली, आणि थांबली.

एका दुपारी रणधीर टेम्पो घेऊन आला. बरोबर ड्रायव्हर मल्लिनाथ होता, अणदूरकडचा, पोटाचा घेर सांभाळत चालणारा.

"यंत्र उचलायचंय," रणधीर म्हणाला.

"सगळा पैसा फिटलाय. पावत्या हायत," वैष्णवी दारात आडवी उभी राहिली. "यंत्र न्यायचा कागद दाखवा आधी."

"असल्या पावत्या लई बघितल्या. मागचं दार कुठंय?"

तो बोळातून थेट परसात शिरला. ऊन रणरणत होतं. कडुलिंबाची सावली बघून तो खाली टेकला, तो नेमका जात्यावरच.

"सायेब, उठा," मल्लिनाथ चाचरत म्हणाला. "जात्यावर बसत नसतेत. माझी आई असती तर लाटणंच घातलं असतं."

"मग काय करू, दळू?" रणधीर हसत उठला आणि त्यानं खुंटा धरला.

"रिकामं फिरवू नको लेकरा," मथुराबाई म्हणाल्या. "तुझ्या आधीच्या माणसानं या खुंट्यावर हात ठेवून फिटलं म्हणलंय."

"ती आम्हाला माहीत न्हाय. आमचं बाकी हाय ते बाकी हाय."

त्यानं चेष्टेनं एक फेरा दिला.

जातं हलकं फिरलं, आत भरपूर दाणा असल्यासारखं. घरघर सुरू झाली. कडेनं पीठ सांडू लागलं. तांबूस आणि मैद्यासारखं बारीक.

रणधीरचं हसू ओठावरच राहिलं. त्यानं हात मागं ओढला.

हात सुटला नाही.

"ए मल्लू, धर की!"

मल्लिनाथ भिंतीला चिकटून उभा होता.

जातं फिरत होतं. रणधीर वाकला, गुडघ्यावर आला. घाम पिठावर टपटपत होता. वैष्णवी पुढं धावली. मथुराबाईंनी तिचा दंड धरला.

खुंट्यावर त्याच्या मुठीच्या वर जागा मोकळी होती. तिथलं लाकूड कुणीतरी मूठ आवळल्यासारखं दबलेलं दिसत होतं.

"मावशी," तो पुटपुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"काय म्हणायचं ती तुला ठावं हाय," मथुराबाई हळूच म्हणाल्या.

"फिटलं."

जातं थांबलं.

रणधीर बराच वेळ तळहाताकडं बघत बसला. मग त्यानं तिथूनच कार्यालयात फोन लावला. "व्हय, नळदुर्गचं खातं. पावत्या खऱ्या हायत, म्या बघितल्या. बंद करा म्हणलं ना! आजच." जाताना त्यानं चपला काढून हातात घेतल्या, त्या बोळाच्या बाहेर जाऊन घातल्या. मल्लिनाथनं रिकामा टेम्पो उलटा घेताना दोन वेळा हात जोडले.

आठवड्याच्या आत कर्ज फिटल्याचा दाखला टपालानं आला. वैष्णवीनं तो गल्लीभर नाचवला. तिसऱ्या प्रहरी ओट्यावर पहिला डबा वाजला. कमलबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "मथुरे, तिकडची गिरणी काय खरी न्हाय बघ. मसाला करपवती." मथुराबाईंनी रुसल्याचं नाटक केलं, पण फार वेळ जमलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली शिंकत होती, हसत होती.

सांडलेलं पीठ त्यांनी टाकलं नव्हतं. बहात्तर साल पाहिलेल्या बाईला ते जमत नाही. त्याची भाकरी केली. थापताना चिरली, तशीच तव्यावर टाकली. वैष्णवीनं दुधात कुस्करून खाल्ली आणि वाटी पुढं केली, "आजी, अजून हाय का गं?"

मग दोघींनी जातं स्वच्छ करायला घेतलं. नातीनं वरचा दगड उचलून धरला, मथुराबाईंनी कुंचा आत घातला. आणि त्यांचा हात थांबला.

आत दाणा एकही नव्हता. काचेसारखे गुळगुळीत झालेले ते दोन्ही दगड खडबडीत झाले होते. मधल्या खुंटीपासून कडेपर्यंत नवी टाकी लावलेली होती, दाट, एकसारखी. प्रत्येक खाचेत दगडाचा ताजा भुगा होता.