शिवलिंगप्पांचा फिख्टेलाइट

खडा चोरून घरकाम करणाऱ्या तानाबाईच्या पदरात काय पडणार होतं? खाजगी तपास करणारी तेजश्री आधी एवढंच मांडून पाहायची. नखानं ओरखडा उठेल असा मऊ, पांढरा खडा. सराफ हात लावणार नाही, अंगठीत बसणार नाही. जमेला शून्य.

नुकसान मात्र ठरलेलं. सोलापुरातले सुताचे व्यापारी शिवलिंगप्पा संध्याकाळी पोलिसांत तिचं नाव देणार होते. ती आणखी ज्या तीन घरी कामाला जायची, त्यांना त्यांनी फोनवरून सावधही केलं होतं.

"खडा नव्हे, फिख्टेलाइट," त्यांनी दुरुस्त केलं. जर्मनीच्या दलदलीत गाडलेल्या पाइनच्या राळेतून हजारो वर्षांत बनलेलं दुर्मीळ खनिज. मित्रानं पाठवलेल्या लाकडाच्या जुन्या ढलप्यावर त्याचे स्फटिक होते. काचेच्या झाकणाची पेटी, आत कापूस. शुक्रवारी सगळं जागेवर होतं; आता कुलूप तसंच, ढलपा तसाच, स्फटिक गायब. किल्ली त्यांच्याच कमरेला. पण रविवारी खोली झाडायला तानाबाई एकटीच गेली होती.

तेजश्रीचे सोबती हरिदासकाका एसटीतले निवृत्त कंडक्टर. बिनतिकिटाचा प्रवासी सापडल्यासारखे ते तानाबाईकडे बघत होते.

शिवलिंगप्पांचा पुतण्या प्रभु शनिवार-रविवार दोन्ही दिवस अक्कलकोटला लग्नात होता. फोटो दाखवून मोकळा झाला. तानाबाई म्हणाली, "बंद पेटीतनं काय फुंकर मारून काढला व्हय?"

शिवलिंगप्पांच्या पत्नी कमलम्मांची तक्रार वेगळीच. शनिवारी ज्वारी, डाळी, गोधड्या गच्चीवर नेऊन ऊन दाखवता दाखवता त्यांचे पाय पोळले होते. त्यात भुंगा लागू नये म्हणून नवऱ्यानं घरातलं जुनं लाकूडही वर न्यायला लावलं.

तेजश्रीनं पेटी उघडायला लावली. कापूस दाबून पाहिला. मधोमध मेणासारखा कडक पापुद्रा. तिनं चहा मागवला.

"आता चहा?" काका पुटपुटले.

तिनं चमचा चहात बुडवला, पुसला, पापुद्र्यावर टेकवला. पापुद्रा वितळून कापसात जिरला.

"हा शेहेचाळीस अंशांच्या आसपास वितळतो, काका. शनिवारी सावलीतच चव्वेचाळीस होतं. उन्हात, काचेखाली किती असेल? कुलूप उघडायची गरजच नव्हती. रात्री तो कापसातच गोठला. तर शिवलिंगप्पा, जुन्या लाकडाबरोबर ही पेटीही वर गेली होती ना?"

शिवलिंगप्पांनी पेटीचं झाकण लावलं. "ढलपा लई जुना... मलाच वाटलं, भुंगा लागंल."

शिवलिंगप्पांनी पुढे केलेली फी तेजश्रीनं नाकारली. त्याऐवजी तिन्ही घरांना पुन्हा फोन लावायला सांगितला, तानाबाईसमोर.

फोन झाल्यावर शिवलिंगप्पा म्हणाले, "उद्या ये की कामाला."

"हितं न्हाय, मालक," म्हणत तानाबाईनं चपला घातल्या.

दोन घरांनी तिला परत बोलावलं. तिसरीकडे दुपारीच दुसरी बाई लागली होती. खडा शिवलिंगप्पांचा गेला. भरपाई तानाबाईनं केली.