बारक्याचा लाल रिमोट

मोबाइल खाली ठेवा आधी. ठेवलेत? आता ऐका, आणि मध्ये फाजील प्रश्न नकोत. थापा मारायचं माझं वय राहिलेलं नाही. काचवाला माझ्या दुकानाच्या शेजारचाच.

खिडक्यांच्या काचा कापून बसवायचा त्याचा धंदा. हात असा साफ, की रेघ ओढली की तुकडा अलगद सुटायचा. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. बायको नर्स, तिची रात्रपाळी. घरात हा आणि सात वर्षांची लेक. दुकान बंद करून हा आईच्या बंद घरी गेला आणि माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढून आणला. लेक दिवसभर मोबाइलला चिकटलेली. आमच्या वेळी काय धमाल होती, ते तिला दाखवायचं होतं. खोक्याची धूळ झटकताना गडी स्वतःच लहान पोर झाला होता.

"निळा रिमोट माझा. लाल बारक्याचा."

"बारक्या काका? फोटोतला?"

"तोच. बॉक्सिंगमध्ये रोज माझा मार खायचा."

खरं काय ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, कारण हाच हसत हसत सांगायचा. धाकट्या भावाच्या रिमोटची वायर हा मशीनला लावायचाच नाही. बारक्या जीव तोडून बटणं बडवायचा, त्याला वाटायचं आपण खेळतोय. पडद्यावर लाल गडी नुसता उभा राहून मार खायचा. आठव्या वर्षी बारक्या तापानं गेला. शेवटी शेवटी अंथरुणातून विचारायचा, "दादा, मी एकदा तरी जिंकेन ना रे?" एवढं मात्र काचवाला हसून सांगत नसे.

त्या रात्री निळ्याची वायर त्याने पुसून मशीनमध्ये खोचली. लाल रिमोट लेकीला दिला. वायर सुटीच. सवय हो, दुसरं काय!

"खाली पडलेला दहा म्हणेपर्यंत उठला नाही तर बाद. मग पुढचा गडी येतो. कळलं?"

निळ्याने दोन ठोसे हाणले. लेक खिदळत बटणं दाबत होती. साडेदहा वाजले असतील. लाल गड्याने हात उचलला.

ठोसा निळ्याच्या तोंडावर बसला. इकडे काचवाल्याचा ओठ फाटला.

"बाबा, रक्त!" लेकीने रिमोट पलंगावर फेकला. तिथे तो एकटाच वाजत राहिला. टक. टक. टक.

दुसरा ठोसा. दात तुटून जिभेवर आला. तिसरा बरगडीत. मोडल्याचा आवाज लेकीनेही ऐकला. त्याने भिंतीतली पिन उपटली. पडदा चालूच. तो जिवाच्या आकांताने बटणं दाबत होता. निळा गडी हलेना.

निळा कोसळला. हाही फरशीवर. पडद्यावर आकडे... एक... दोन... आणि कोपऱ्यात पुढचा गडी दिसू लागला. बुटका. दोन वेण्यांचा...

लेक आपल्या वेण्या घट्ट धरून उभी होती.

नऊ.

काचवाला उठला.

पुन्हा मार. पुन्हा पडला. पुन्हा उठला. एक डोळा मिटला. उजव्या हाताची बोटं एकेक करून उलटी वळली. काच कापणारी बोटं. लेक घाबरेल म्हणून त्याने ओरड दाबली.

"बारक्या..."

टक.

"तुझी वायर मी लावतच नव्हतो रे. लबाडी केली... तू हरला नव्हतास."

टकटक थांबली.

"मला मार. तिला नको... तुझी पुतणी आहे ती."

...

टक.

शेवटचा ठोसा जबड्यावर बसला. पडदा काळा झाला.

सकाळी बायको आली तेव्हा हा दाराशी आडवा पडलेला, लेक त्याला बिलगून. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, किती जणांनी मारलं? जबडा जुळल्यावर त्याने हे सगळं मला सांगितलं. त्या हातात आता काच ठरत नाही. दुकान मी उघडून देतो, तो नुसता बसून असतो.

पण घर आवरायला त्या सकाळी मीच गेलो होतो, आणि मशीन मी या डोळ्यांनी पाहिलंय. लाल रिमोटची वायर आत घट्ट बसलेली. ओढली तरी निघेना. आणि निळ्याची... निळ्याची बाहेर लोंबत होती. टोक उचलून पाहिलं. माळ्यावरची धूळ त्याच्यावर तशीच होती.