वीस मोहिमांनी केलेला घात

वीस मोहिमा फत्ते केल्या आणि गटाचा प्रभाव चक्क घसरला! चाळीसवरून थेट तीसवर. केतकी पडद्याकडे बघतच राहिली.

साल २०५८. वाईच्या एका शाळेतली सातवीची मुलं 'ध्रुवस्थानक' नावाचा ऑनलाइन अंतराळखेळ खेळत होती. त्यांच्या गटाचं नाव दगडफोडे, कारण खेळात त्यांची एक खाण होती. स्थानकातला एक धक्का (यानं लावायची जागा) त्यांचा होता आणि तिथे तीन महिने खपून त्यांनी शैवालाची बाग फुलवली होती. पण आज संध्याकाळी सहाच्या मोजणीत ज्याचा प्रभाव (स्थानकात कुणाचं किती चालतं, त्याचं शेकडा प्रमाण) तिसाच्या खाली, त्याचा धक्का जाणार. हातात दोन तास होते. आणखी एक टक्का घसरला की बाग गेलीच.

"सोड ना गं," हृषीकेश म्हणाला. तो तिच्याच गटातला. "राजमुकुट गटात जाऊ. ते साठवर पोचलेत."

"बाग आपण लावायची आणि झेंडा त्यांचा? मुळीच नाही!" केतकी कडाडली. रडू फुटायच्या बेतात होतं, पण राग त्याहून मोठा होता.

शाळेच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव चिमटा हे ऐकत होता. आयतं उत्तर द्यायचा त्याला भारी कंटाळा.

"मोहिमा कसल्या होत्या?" त्याने विचारलं.

"औषधं पोचवायच्या. बक्षिसाचे सगळ्यात जास्त तारे त्यांनाच मिळतात."

"पोचवली कुणाकडे?"

केतकीने यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. वीसच्या वीस खोकी राजमुकुटच्या दवाखान्यात! ताऱ्यांच्या नादात पत्ता कुणी वाचलाच नव्हता.

"माल नेऊन देणाऱ्या गटाला एक गुण, तो घेणाऱ्याला चार," चिमटा म्हणाला. "मांड आता."

"आमचे चाळीस होते, वीस वाढले. साठ. त्यांचेही चाळीस, त्यात ऐंशी. एकशेवीस. इतर गटांचे वीसच. एकूण दोनशे." केतकी थबकली. "दोनशेत साठ म्हणजे शेकडा तीस! गुण वाढले, पण वाटा घटला!"

"प्रभाव म्हणजे भाकरीतला वाटा. तुकडे कसेही करा, भाकरी शंभराचीच. इतर गटांनी तर काहीच केलं नाही, तरी ते विसाचे दहा झाले."

"मग देणारे आपण आणि घेणारेही आपणच, अशी मोहीम हवी. पाचही गुण घरात!"

तशा मोहिमा होत्या, आपल्याच खाणीत पाणी नेण्याच्या. एकेकच तारा, म्हणून कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हृषीकेश कुरकुरला, पण यानात बसला. सहापर्यंत आठ मोहिमा झाल्या. राजमुकुटवाले विजयाच्या गुर्मीत होते. त्यांनी स्वतःसाठी जेमतेम दोन केल्या.

मोजणी झाली. अडीचशे गुणांपैकी दगडफोड्यांचे शंभर. प्रभाव चाळीस! धक्का राहिला, बाग राहिली आणि हृषीकेश बाकावर चढून नाचला.

तेवढ्यात राजमुकुटच्या म्होरक्याचा निरोप आला: 'अजून आम्हीच पुढे आहोत. बावन्न!'

केतकीने लिहिलं, 'हो. सोमवारच्या मोजणीत परत बघू.'